एकोणीसपैकी चौदा

हसायचं असेल तर आत्ताच एकदा हसून घ्या, म्हणजे मधे मधे थांबावं लागणार नाही. चहाही ओतून घ्या. गाढवपणा माझाच आहे, आणि तो मी कुठेही न कापता सांगणार आहे. कापाकापी आणि जोडाजोडी केल्यामुळेच तर सगळं रामायण घडलं!

मी पिंपरीत एका कंपनीत इन्स्पेक्टर होतो. पोलिसातला नव्हे हो, मालाचा. मशीनवरून आलेला जॉब, म्हणजे तयार भाग, गेजात, म्हणजे मापाच्या साच्यात, बसतो का बघायचं. बसला तर हिरवा रंग, नाही बसला तर लाल. दिवसभर हेच काम. पण या कामाने माणसाला खोड लागते. घरी आलं तरी सगळं तपासावंसं वाटतं. आमच्या हिने, म्हणजे सुमनने, लग्नाच्या पहिल्या वर्षीच बजावलं होतं, "भाकरीला गेज लावलंत ना, तर उद्यापासून कँटीनला जेवा."

तर माणूस मी असा. आणि या माणसाला नाद लागला गाण्यांचा. तेही एकाच माणसाच्या गाण्यांचा. रघुअण्णांच्या.

रघुअण्णा देहूरोडचे. लष्कराच्या डेपोत जन्मभर ओझी उचलली आणि उचलता उचलता गाणी रचली. लिहिली म्हणत नाही मी, रचली म्हणतो. कागदावर एक अक्षर नव्हतं, सगळी गाणी डोक्यात. जयंतीला उभं राहून म्हणायची आणि सोडून द्यायची. ज्याला आवडली त्याने उचलावीत.

आणि लोकांनी काय उचलली म्हणता! आमच्या कामगार वसाहतीतल्या गायन पार्ट्यांनी उचलली, लग्नातल्या बँडवाल्यांनी उचलली, सांगवीच्या भजनी मंडळाने टाळ-मृदंगावर बसवली. देहूरोडचा एक मद्रासी वेल्डर होता, त्याला मराठी धड बोलता येत नव्हतं, पण अण्णांची तीन गाणी तो डोळे मिटून म्हणायचा. एकच गाणं, पण प्रत्येकाच्या गळ्यातून वेगळं निघायचं. ही वेगवेगळी रूपं गोळा करायची, ऐकायची, ऐकवायची, हा आमच्या आठ-दहा जणांचा उद्योग.

टेपरेकॉर्डर तेव्हा नवीन नवीन घरात आले होते. माझ्याकडे दोन होते. एक बोनसमधून घेतलेला, दुसरा मेव्हण्याने मस्कतहून आणलेला. त्यामुळे पिंपरी-चिंचवडात कुणाला अण्णांचं गाणं हवं असेल तर तो कोरी कॅसेट घेऊन गुरुवारी आमच्या दारात! गुरुवारी आम्हाला सुट्टी. दोन टेप समोरासमोर ठेवायचे, खिडक्या लावायच्या, पंखा बंद करायचा, दोन्ही टेपांवर गोधडी पांघरायची आणि श्वास रोखून बसायचं. एकात वाजतंय, दुसऱ्यात भरतंय. घामाने माणूस निथळतोय. सुमन म्हणायची, "गाणं भरताय का टेपांना वाफारा देताय?"

आता मुख्य गाण्याकडे येतो. अण्णांचं सगळ्यात लाडकं गाणं म्हणजे हे:

"भाकर बांध गं, भोंगा व्हायच्या आत,
लोखंडाशी घासायाचा आज पुन्हा हात."

आणि शेवटी त्यांचं नाव गुंफलेलं कडवं:

"रघू म्हणे, हात माझे काळे झाले तरी
लेकराच्या पाटीवरती उजाडू दे घरी."

आहे की नाही? 

या गाण्याची सगळ्यात जुनी टेप होती तात्या वाघमारेकडे. तात्या फाउंड्रीत कामाला. गायन पार्टीचा प्रमुख, आवाज भट्टीत तापवून काढलेला आणि राग त्याहून गरम. ती टेप तो कुणाला हात लावू द्यायचा नाही. एका गुरुवारी मात्र मला म्हणाला, "इन्स्पेक्टर, तुझ्यावर भरवसा आहे म्हणून देतो. एक कॉपी काढून ठेव. संध्याकाळी न्यायला येतो."

दुपारी एक वाजता मशीनने ती टेप खाल्ली.

हो, खाल्ली! गाणं रंगात आलेलं, दुसरं कडवं संपलं, आणि एकदम घुर्रर्र! झाकण उघडतो तर फितीचा शेवयांसारखा गुंता. फीत सोडवली, हाताने सपाट केली, कॅसेटच्या चाकात पेन्सिल घालून गुंडाळली. लावून बघतो तर दुसऱ्या आणि शेवटच्या कडव्याच्या मधे वीसेक सेकंद नुसती खरखर. बाकी सगळं ठीक. पण तेवढं वीस सेकंदांचं गाणं गेलं, राव!

आता काय करणार? तात्या फाउंड्रीवाला, मी साठ किलोचा इन्स्पेक्टर.

मी डोकं धरून बसलो. इथे काय होतं बरं? तिसरं कडवं असणार. काय होतं ते? भाजीबद्दल काहीतरी होतं की. आणि सुपरवायझरबद्दल. होतंच! हळूहळू मला आठवायला लागलं. लक्षात घ्या, मी रचलं नाही. मला आठवलं. निदान माझी तशी खात्री झाली, आणि इन्स्पेक्टरची खात्री झाली की झाली.

मग मी टेप बरोबर त्या जागी आणली, पातेलं पालथं घातलं, रेकॉर्डचं बटण दाबलं आणि पातेल्यावर ठेका धरून नाकातून आवाज काढत म्हटलं:

"डब्यात भाजी मेथीची, वर कांद्याची फोड,
सुपरवायझर कडू गं, तुझी आठवण गोड."

संध्याकाळी तात्या आला. टेप लावली. कडवं आलं, गेलं. तात्याने डोळे मिटले, मान हलवली आणि म्हणाला, "आयला, हे कडवं मी विसरलोच होतो बघ! काय लिहिलंय!"

झालं. लॉट पास! त्या दिवसापासून पुढची चार वर्षं माझ्याकडून गेलेली या गाण्याची प्रत्येक कॉपी त्या टेपवरून गेली, आणि गाणारे तीच ऐकून गाणं बसवू लागले. मी पुढे अशा कितीतरी टेपा दुरुस्त केल्या, कुणाची फीत, कुणाचं चाक, आणि ती दुपार माझ्या डोक्यातून साफ निघून गेली.

आणि मग आलं पुस्तक.

रघुअण्णांचं वय झालं होतं. आमच्या या आठ-दहा जणांच्या मंडळाने ठरवलं की त्यांच्या गाण्यांची एक पुस्तिका छापायची. त्यांच्या हयातीत, त्यांच्या हातात पडेल अशी. चाळीस वर्षं गाणी म्हटली आणि नावावर एक कागद नाही, ही काय गोष्ट झाली? पण गाणी लिहून काढणार कोण? सगळे माझ्याकडे बघायला लागले. "इन्स्पेक्टर आहे ना! तो तपासून देईल."

मी छाती फुगवून काम घेतलं. पद्धत सरळ होती. प्रत्येक गाण्याच्या जेवढ्या टेपा मिळतील तेवढ्या जमवायच्या आणि जे कडवं जास्त टेपांत सापडेल ते खरं धरायचं. 'भाकर बांध'च्या एकोणीस टेपा जमल्या. मेथीच्या भाजीचं कडवं किती टेपांत? चौदा! एकोणीसपैकी चौदा, म्हणजे प्रश्नच मिटला. राहिलेल्या पाच टेपांवर मी लाल रंगाचा ठिपका दिला. अपूर्ण माल.

त्या पाचांतली एक टेप स्वतः रघुअण्णांची होती. होय, अण्णांच्या आवाजातली! दुसरं कडवं संपल्यावर अण्णा तिथे थोडा वेळ गप्पच राहतात आणि मग शेवटचं कडवं घेतात. मी वहीत लिहिलं, 'येथे कवी विसरले आहेत.'

थांबा, एवढ्यावर भागलं नाही. त्या चौदा टेपांत मला आणखी एक मौज सापडली. 'सुपरवायझर कडू गं' म्हणून झालं की गाणारा मधेच गळ्यातून 'हिक्!' असा झटका द्यायचा. तात्या द्यायचा, भजनी मंडळाचे बुवा द्यायचे, मद्रासी वेल्डर तर इतका झकास द्यायचा की लोक टाळ्या वाजवायचे. बँडवाल्याने तो झटका क्लॅरिनेटवर बसवला होता. आणि त्या 'हिक्'नंतर कोरसच्या बायका म्हणायच्या, "पाणी घ्या की! पाणी घ्या की!"

मी त्यावर पुस्तिकेसाठी दीड पान टीप लिहिली. काय लिहिलं ते सांगायला आजही कान गरम होतात. लिहिलं की, 'हा झटका म्हणजे राबणाऱ्या माणसाचा दाटून आलेला हुंदका होय. त्यापाठोपाठ येणारी पाण्याची हाक हा केवळ कोरस नसून कवीने येथे पाण्याच्या हक्काचा सूर लावला आहे.' तात्याने ही टीप मोठ्याने वाचली आणि म्हणाला, "इन्स्पेक्टर, तू प्रोफेसर व्हायला पाहिजे होतास राव."

पुस्तिकेचा मजकूर घेऊन मी देहूरोडला अण्णांकडे गेलो. एकेक गाणं वाचून दाखवलं. अण्णा खाटेवर बसून मान हलवत होते. मेथीची भाजी आली तशी मान थांबली.

"ह्ये माजं हाय?"

"म्हणजे काय अण्णा! तुम्हीच रचलंय. तुम्ही हल्ली म्हणताना विसरता एवढंच."

"आरं, पर मला कसं आठवत न्हाई?"

"एकोणीसपैकी चौदा टेपांत आहे, अण्णा. मी मोजलंय."

अण्णांनी कागद हातात घेतला, उलटासुलटा केला. वाचता येत नव्हतं त्यांना, तरी बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, "परत म्हन बरं." मी म्हटलं. त्यांनी माझ्यामागून म्हटलं. त्या म्हाताऱ्या माणसाकडून मी ते कडवं सहा वेळा घोकून घेतलं, हो! आणि घरी येऊन सुमनला कौतुकाने सांगितलं की अण्णांची आठवण गेलीये, पण मी बरोबर वेळेवर पोचलो.

पुस्तिका छापखान्यात गेली. प्रकाशन पुढच्या महिन्यातल्या एका गुरुवारी ठरलं, वसाहतीच्या मैदानात. आणि आठ दिवसांनी अण्णांचा निरोप आला की मी प्रकाशनाला येईन, पण गाणार नाही. इथून पुढे कुठंच गाणार नाही.

तात्या धावत जाऊन भेटून आला. परत आला तो पडलेल्या चेहऱ्याने. "अण्णा म्हणतात, डोकं रिकामं व्हायला लागलंय. एक अख्खं कडवं गेलं, आता बाकीचं कधी जाईल भरवसा नाही. सकाळी उठून नातवंडांची नावं मोजतात, राव. सुनेने बदाम भिजत घातलेत. लोकांसमोर चुकलो तर तोंड दाखवायला जागा राहायची नाही, म्हणतात."

मला वाईट वाटलं. खरंच सांगतो, फार वाईट वाटलं. पण मी काय करणार? विसरले ते, मी थोडाच विसरलो होतो?

त्याच आठवड्यातल्या गुरुवारी मी पुस्तिकेचं प्रूफ तपासत बसलो होतो. शेवटची खात्री म्हणून तात्याची ती जुनी टेप लावली होती. सुमन शेजारी तांदूळ निवडत होती. मेथीचं कडवं आलं, तो झटका आला, 'हिक्!', आणि सुमन फस्सकन हसली.

"काय झालं?"

"अजून तुमची उचकी आहे का त्या टेपात?"

"कुणाची उचकी?"

"तुमची! विसरलात? ठेचा खाल्ला होतात दुपारी, आणि मग तासभर उचकी थांबेना. पातेलं बडवत त्या टेपात काहीतरी गात होतात, आणि मी मागून ओरडत होते, पाणी घ्या की म्हणून!"

मी म्हटलं, "काहीतरीच काय! हा हुंदका आहे. दीड पान लिहिलंय मी त्यावर."

"मग आवाज वाढवा आणि ऐका."

आवाज वाढवला. फीत मागे घेतली. 'सुपरवायझर कडू गं', 'हिक्', आणि त्याच्या मागे, लांबून, स्वयंपाकघरातून आल्यासारखा एका बाईचा वैतागलेला आवाज: 'पाणी घ्या की!' गेली चार वर्षं ज्याला आम्ही कोरस म्हणत होतो तो कोरस समोर बसून तांदूळ निवडत होता!

मी तीनदा ऐकलं. चौथ्यांदा ऐकायची हिंमत झाली नाही. कंपनीत आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवतात की जॉब मोजायच्या आधी गेज तपासा. गेजच चुकीचं असलं तर हजार जॉब मोजा, हजारही बरोबरच येणार. त्या चौदा टेपा एकाच टेपच्या लेकी होत्या, आणि ती टेप मीच दुरुस्त केलेली! चौदा जणांनी साक्ष दिली म्हणून मी हुरळलो, आणि चौदाही जणांना पढवलं होतं कुणी? मीच! आणि खरी टेप कुठली? तर जिच्यावर मी लाल ठिपका देऊन ठेवला होता ती.

आधी छापखान्यात पळालो. अक्षरांचे खिळे जुळवणारा वैतागला, पण ते कडवं आणि माझी दीड पानाची टीप उपसून काढली. म्हणाला, "साहेब, टीप काढल्यावर पुस्तक बरंच सुटसुटीत दिसतंय." तिथून तडक देहूरोड.

अण्णा अंगणात बसले होते. समोर वाटीत सोललेले बदाम. मी गेलो, पाया पडलो आणि एका दमात सगळं सांगितलं. टेपने फीत खाल्ली, पातेलं, ठेचा, उचकी, सगळं. म्हटलं, "अण्णा, ते कडवं तुमचं नाही. माझं आहे. तुम्ही काहीच विसरलेला नाहीत."

अण्णांनी बदामांची वाटी बाजूला सारली. मला वाटलं, आता काठी उचलतात.

"म्हंजी माजं डोकं शाबूत हाय?"

"हो अण्णा."

"समदं?"

"सगळं."

म्हातारा खदखदून हसायला लागला. हसता हसता डोळ्यांतून पाणी. आत बघून सुनेला ओरडले, "आगं ये, ह्ये बदाम न्हे आत! ह्या सायबाला दे! ह्याला गरज हाय!"

मग जरा शांत झाले आणि म्हणाले, "आरं येड्या, तितं कडवं न्हवतंच कदी. तितं किसन वाजवायचा. माजा ढोलकीवाला. त्याच्या हाताला मोकळीक म्हणून जागा ठिवली व्हती म्या. त्यो वाजवायचा आन् म्या दम खायचो. आता किसन न्हाई ऱ्हायला. पर त्याची जागा म्या ठिवतो. तितं गप ऱ्हातो."

'येथे कवी विसरले आहेत', असं मी वहीत लिहिलं होतं ना? ते आठवलं आणि मला कुठे तोंड लपवू असं झालं. ती जागा म्हणजे अण्णांनी मित्राची केलेली आठवण होती, आणि मी तिथे मेथीची भाजी भरून ठेवली होती.

"गाणार ना अण्णा त्या दिवशी?" मी विचारलं.

"गातो की! आता कशाला भ्याचं?"

प्रकाशनाला मैदान भरलं होतं. पुस्तिका अण्णांच्या हातात दिली. त्यांनी ती डोक्याला लावली आणि माईकपुढे उभे राहिले. 'भाकर बांध गं' सुरू झालं. आवाज थकलेला, पण एक शब्द इकडचा तिकडे नाही. दुसरं कडवं संपलं आणि अण्णा थांबले. किसनची जागा.

आणि अख्ख्या मैदानाने सुरू केलं, "डब्यात भाजी मेथीची!"

लोकांना काय माहीत? त्यांना वाटलं, म्हातारा अडकला, आपण हात देऊ. तीनशे माणसं! 'सुपरवायझर कडू गं' म्हणून तीनशे माणसांनी एकदम उचकी दिली, आणि बायकांच्या बाजूने एकच गजर, "पाणी घ्या की! पाणी घ्या की!" मी स्टेजच्या मागच्या पडद्यात शिरायला लागलो. सुमन पहिल्या रांगेत पदर तोंडात कोंबून बसली होती.

अण्णांनी हात वर केला. सगळे गप्प झाले.

"बाबांनो, ह्ये कडवं माजं न्हाई. ह्ये आपल्या इन्स्पेक्टर सायबांनी रचल्यालं हाय."

मग तात्या, जो चार वर्षं ते कडवं डोळे मिटून, छातीवर हात ठेवून म्हणत होता, तो तात्या मोठ्याने म्हणाला, "तरीच!"

"तरीच!" मागून आणखी कुणीतरी. "व्हय राव, तरीच म्हणलं, मेथी कुठनं आली!" सांगवीचे बुवा. बघता बघता सगळ्या मैदानाला ते कडवं पहिल्यापासूनच फालतू वाटत होतं असं निघालं. चार वर्षांत एकालाही खटकलं नव्हतं बरं का!

अण्णांनी पुन्हा हात वर केला. "पर उचकी झ्याक हाय. किसन असता तर त्यानं उचकीवर थाप मारली आसती. तवा आसं करा, कडवं टाकून द्या, ढोलकी वाजवा, आन् शेवटाला उचकी ऱ्हाऊ द्या. आन् त्या बाईचं पानी बी ऱ्हाऊ द्या. तेवडं बेस हाय."

आजही आमच्या भागात ते गाणं तसंच म्हणतात. ढोलकी, मग उचकी, मग बायकांचा कोरस. अण्णा गेले, पण त्यांचा शब्द लोकांनी पाळला. पुस्तिकेची दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा त्यात कोरसची ओळही छापली, आणि खाली बारीक अक्षरात सुमनचं नाव. मी दोनदा प्रूफ तपासलं. माझा त्यात एकही शब्द नाही, कारण उचकी छापता येत नाही, असं छापखानेवाले म्हणाले.